मे महिन्यातली यादी : इंग्लिश फुटबॉलमधील 'रिटेन' या शब्दाचा इतिहास

१/
आयपीएलच्या लिलावाआधी प्रत्येक संघ 'रिटेन' केलेल्या खेळाडूंची यादी जाहीर करतो. त्या यादीत नाव येणे हा मान समजला जातो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मात्र १८९३ पासून १९६३ पर्यंत, म्हणजे तब्बल सत्तर वर्षे, हाच शब्द ऐकून कित्येक खेळाडूंच्या पोटात गोळा येत असे. आजचा थ्रेड त्या शब्दाविषयी, आणि तो शब्द न्यायालयात खेचणाऱ्या एका सडपातळ तरुणाविषयी. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/
आधी ही यादी म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडचा मोसम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होई आणि मेच्या सुमारास संपे. खेळाडूचा करार साधारणतः एका वर्षाचा. तो ३० जूनला संपायचा. मोसम संपला की क्लबचे संचालक आणि मॅनेजर एकत्र बसत आणि पदरी असलेल्या खेळाडूंची वाटणी करत : कोणाला ठेवायचे, कोणाला विकायला काढायचे, कोणाला सोडून द्यायचे. एखाद्या पंचविशीतल्या गोलरक्षकाचे पुढचे आयुष्य त्या एका बैठकीत ठरे. बैठकीला तो स्वतः नसे.

३/
सोडून दिलेला माणूस बेकार होई, पण मोकळा असे. विक्रीच्या यादीतील माणसाची किंमत क्लब स्वतः ठरवी. ती मोजणारे गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो लटकत राही. खरी गोम तिसऱ्या प्रकारात होती.

'रिटेन' केलेल्या खेळाडूपुढे क्लब नव्या वर्षाचा करार ठेवी. अटी क्लबच्या. त्याने सही केली तर प्रश्न मिटला. सही नाकारली तर ३० जूननंतर पगार बंद. नोंदणी मात्र त्याच क्लबकडे कायम. करार संपे, नोंदणी संपत नसे. आणि नोंदणी ज्याच्या हाती, त्याच्या संमतीवाचून लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळता येत नसे. म्हणजे जो क्लब आता त्या माणसाला एक पेनीही देत नव्हता, तोच त्याला इतरत्र पोट भरण्यापासून अडवू शकत होता. एक मोसम, दोन मोसम, पायातली ताकद संपेपर्यंत.

४/
असा नियम कोणा खलपुरुषाने रचला असेल असे वाटते. तसे नव्हते. १८८५ साली फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली. १८८८ साली विल्यम मॅक्ग्रेगर या बर्मिंगहॅमच्या कापड दुकानदाराच्या पुढाकाराने बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. बर्नली, ब्लॅकबर्न, अ‍ॅक्रिंग्टन, बोल्टन : बहुतेक गिरण्या-कारखान्यांची गावे, लंडनचा एकही क्लब त्यात नव्हता. त्या काळी मोसम संपला की खेळाडू हवा तिकडे जाऊ शके. मोठ्या शहरातील क्लबाने खिसा सैल सोडला, की अ‍ॅक्रिंग्टनसारख्या लहान गावाचा संघ उन्हाळ्यातच रिकामा होण्याची भीती. स्पर्धेत चुरस राहिली नाही तर तिकीट काढून येणार कोण? या रास्त चिंतेतून १८९३ साली 'रिटेन अँड ट्रान्सफर' पद्धत आली.

चिंता रास्त होती, हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढची सत्तर वर्षे प्रत्येक वादात क्लबांच्या बाजूने हाच युक्तिवाद पुढे येत राहिला, आणि तो पूर्णपणे खोटा कधीच नव्हता.

५/
मग १९०१ साली दुसरा नियम लागू झाला : कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक पगार द्यायचा नाही. हेतू तोच, श्रीमंत क्लबांना आवर घालणे. पण दोन्ही नियम मिळून अडकित्त्याच्या पात्यांसारखे चालू लागले. एक म्हणे, तुला दुसरीकडे जाता येणार नाही. दुसरा म्हणे, गेलास तरी अधिक मिळणार नाही.

खेळाडूला किंमत नव्हती असे मात्र नाही. १९०५ साली मिडल्सब्रोने सन्डरलंडकडून आल्फ कॉमन याला एक हजार पौंडांत घेतले. चार अंकी रकमेचे हे पहिलेच हस्तांतर. वर्तमानपत्रांत मोठा गहजब झाला. कमाल पगाराच्या हिशेबाने ती रक्कम २५० आठवड्यांची, म्हणजे पावणेपाच वर्षांहून अधिक काळाची कमाई होती. ती एका क्लबाने दुसऱ्या क्लबाला दिली. ज्याच्या पायांचे ते मोल होते, तो या व्यवहाराचा विषय होता, पक्षकार नव्हता.

६/
खेळाडू गप्प बसले नाहीत. डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात त्यांची युनियन स्थापन झाली. पुढाकार मँचेस्टर युनायटेडच्या बिली मेरेडिथ आणि चार्ली रॉबर्ट्स यांचा. १९०९ च्या वसंतात युनायटेडने एफए कप जिंकला, आणि त्याच उन्हाळ्यात एफएने खेळाडूंना युनियन सोडण्याचा हुकूम काढला. बहुतेकांनी मान तुकवली. युनायटेडच्या खेळाडूंनी नकार दिला. ते निलंबित झाले, उन्हाळ्याचा पगार बुडाला. तरीही ते एकत्र सराव करत राहिले, आणि 'आउटकास्ट्स एफसी', म्हणजे वाळीत टाकलेल्यांचा संघ, अशी पाटी पुढे ठेवून त्यांनी छायाचित्र काढून घेतले. इंग्लिश फुटबॉलमधील माझे सर्वांत आवडते छायाचित्र तेच. मोसम सुरू होण्याच्या तोंडावर तडजोड झाली. युनियन टिकली. यादी आणि कमाल पगार, दोन्ही जागच्या जागी राहिले.

७/
मग युनियनने न्यायालयाचा रस्ता धरला. हर्बर्ट किंगॅबी हा उजव्या बगलेवरचा खेळाडू. अ‍ॅस्टन व्हिलाने त्याला १९०६ साली क्लॅप्टन ओरिएंटकडून ३०० पौंडांना घेतले, चार-दोन सामने खेळवले आणि मग विक्रीला काढले. लावलेली किंमत लीगमधील कोणी देईना. तेव्हा सदर्न लीग ही वेगळी स्पर्धा होती. तिथे व्हिलाची नोंदणी आड येत नसे. किंगॅबी तिकडे गेला आणि खेळत राहिला. पण १९१० च्या सुमारास दोन्ही लीगनी परस्परांच्या याद्या पाळण्याचा करार केला आणि ती खिडकीही बंद झाली. व्हिलाने पुन्हा किंमत लावली. ज्या क्लबासाठी तो कित्येक वर्षांत खेळला नव्हता, त्या क्लबाने!

१९१२ साली खटला उभा राहिला. किंगॅबीच्या वकिलांनी सारा भर व्हिलाच्या हेतूवर दिला : क्लब आकसाने वागला असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्तींनी उत्तर दिले, क्लब नियमांप्रमाणे वागला. आकस सिद्ध होत नाही. नियमच बेकायदा आहे का, हा प्रश्न नीट विचारलाच गेला नाही. खटला हरला, खर्चाने युनियनची तिजोरी जवळजवळ रिकामी झाली, आणि तो प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे येण्यास अर्धशतक लोटले.

चुकीचा प्रश्न विचारल्याने किती वर्षे वाया जातात, याचे याहून ठळक उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

८/
आता एक गोष्ट लक्षात घ्या. एकट्या खेळाडूचे बंड बहुधा उन्हाळ्यातच होई. कारण उघड आहे. करार ३० जूनला संपे. नकार देण्याची संधी तेवढीच. पण नेमक्या त्याच दिवसांत त्याचा नकार सर्वांत दुबळा असे. मैदाने बंद, तिकिटांचे उत्पन्न नाही, उलट एका माणसाचा पगार वाचतो. क्लबाला घाई नसे. घाई घरभाडे भरणाऱ्याला असे. बरे, घरही पुष्कळदा क्लबाचेच.

९/
विल्फ मॅनियनची कथा अशीच. मिडल्सब्रोचा हा लाडका खेळाडू, इंग्लंडच्या संघातील तारा. १९४८ च्या उन्हाळ्यात त्याने सही नाकारली. त्याला ओल्डहॅमला जायचे होते. मिडल्सब्रोने त्याची किंमत ओल्डहॅमच्या आवाक्याबाहेर लावली आणि ते स्वस्थ बसले. सप्टेंबर गेला, नाताळ गेला. देशातील सर्वोत्तम आघाडीपटूंपैकी एक जण ऐन उमेदीत प्रेक्षकांत बसून होता. १९४९ च्या आरंभी तो परतला आणि त्याच क्लबाच्या करारावर त्याने सही केली. पुढल्याच वर्षी तो ब्राझीलमधील विश्वचषकात इंग्लंडकडून खेळला, यावरून त्या गमावलेल्या महिन्यांचे मोल ध्यानात येईल.

प्रेस्टनचा टॉम फिनी हा पेशाने प्लंबर. १९५२ साली सिसिलीतील पालेर्मो क्लबाने त्याला नुसत्या सहीसाठी दहा हजार पौंड देऊ केले. इंग्लंडमध्ये त्याला आठवड्याला १४ पौंड मिळत. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी नकार दिला. फिनी पुन्हा कामाला लागला. मैदानावरही आणि नळदुरुस्तीच्या धंद्यातही.

आणि क्लबाची इच्छा असली की? सप्टेंबर १९५६ मध्ये लीड्सचा मुख्य स्टँड जळून खाक झाला. पैशाची निकड होती. १९५७ साली जॉन चार्ल्स ६५ हजार पौंडांना युव्हेंटसला विकला गेला. दार होते, किल्ली एकाच बाजूला होती.

१०/
काहींनी खिडकीतून उडी मारली. १९५० साली कोलंबियाची लीग फिफाच्या बाहेर होती, त्यामुळे तिथे इंग्लंडची नोंदणी चालत नसे. इंग्लंडचा मध्यरक्षक नील फ्रँकलिन विश्वचषक सोडून बोगोटाच्या सान्ता फे क्लबाकडे गेला. मँचेस्टर युनायटेडचा डावा बगलवीर चार्ली मिटनही गेला. फ्रँकलिन लवकरच परतला. मिटन सुमारे वर्षभर राहिला. मायदेशी दोघांनाही निलंबन भोगावे लागले. मिटनला वर दंडही झाला, आणि युनायटेडने त्याला फुलहॅमला विकून टाकले.

चार्ली मिटन हे नाव स्मरणात असू द्या. तो पुन्हा भेटणार आहे.

११/
आता आपल्या नायकाकडे येऊ. जॉर्ज ईस्टहॅम, जन्म १९३६, ब्लॅकपूल. वडीलही जॉर्ज ईस्टहॅम, तेही इंग्लंडकडून खेळलेले. उत्तर आयर्लंडमधील आर्ड्स क्लबात बापलेक एकत्र खेळले. १९५६ साली न्यूकॅसल युनायटेडने मुलाला नऊ हजार पौंडांत घेतले. शरीराने किरकोळ, पण पासची नजर अशी की बचावपटू वळेपर्यंत चेंडू पोहोचलेला असे.

चार वर्षांत संबंध बिघडले. क्लबाने दिलेले घर राहण्याजोगे नाही, असे त्याचे म्हणणे होते. मोकळ्या वेळेसाठी क्लबाने लावून दिलेल्या कामाविषयीही कुरबुर होती. कारणे लहान वाटतात. नोकरी बदलणाऱ्या कोणाचीही कारणे बहुधा अशीच असतात. त्याने बदली मागितली. क्लब नाही म्हणाला. १९६० च्या उन्हाळ्यात करार संपला, त्याचे नाव 'रिटेन' यादीत आले, आणि ईस्टहॅमने सही केली नाही.

१२/
तेव्हा न्यूकॅसलचा मॅनेजर कोण होता? चार्ली मिटन. दहा वर्षांपूर्वी याच पद्धतीला कंटाळून जो बोगोटाला पळाला होता, तो आता रिटेन करणाऱ्यांच्या बाजूला होता. त्याला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. अशा बाबतीत अखेरचा शब्द संचालकांचा असे, आणि न्यूकॅसल काही जगावेगळे वागत नव्हते. त्यांच्या जागी दुसरा कोणताही क्लब असता तरी बहुधा हेच झाले असते.

१३/
ईस्टहॅम दक्षिणेला, सरे परगण्यातील गिल्डफर्डला गेला. तिथे अर्नी क्ले या परिचित उद्योजकाने त्याला नोकरी दिली : बुचाच्या लाकडाची, म्हणजे कॉर्कची विक्री. इंग्लंडच्या संघाच्या उंबरठ्यावर असलेला तेवीस वर्षांचा खेळाडू मोसम सुरू झाला तरी कॉर्क विकत फिरत होता. पुढे अनेक वर्षांनी तो सांगे, की स्टँडमध्ये उभा राहून आमचा खेळ पाहणाऱ्या कामगाराला आमच्याहून अधिक मोकळीक होती. त्याला नोकरी बदलता येत होती.

लीगकडे दाद मागितली. उत्तर आले, हा तुमचा आणि क्लबाचा आपसांतला मामला आहे. ऑक्टोबर १९६० मध्ये त्याने न्यायालयात दावा लावला. एकटा नव्हता, आता प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन असे नाव घेतलेली तीच जुनी युनियन पाठीशी होती.

नोव्हेंबरमध्ये न्यूकॅसल नमले. आर्सेनलने ४७,५०० पौंड मोजले आणि ईस्टहॅम लंडनला गेला. त्या वेळचा कमाल पगार आठवड्याला २० पौंड. हिशेब करा : २,३७५ आठवडे. पंचेचाळीस वर्षांची कमाई.

ईस्टहॅमविना न्यूकॅसलचा मोसम कसा गेला? १९६१ साली ते पहिल्या विभागातून खाली घसरले.

१४/
याच हिवाळ्यात युनियनने एक वेगळी चाल खेळली. अध्यक्ष जिमी हिल हा फुलहॅमचा खेळाडू. टोकदार दाढीचा, बोलण्यात वस्ताद. सचिव क्लिफ लॉइड शांत आणि कागदपत्रांत पक्का. त्यांनी उन्हाळ्याची वाट पाहिली नाही. संपाची तारीख ठरवली २१ जानेवारी १९६१, शनिवार. ऐन मोसम, भरलेली मैदाने, सामन्यांवर पैसे लावणाऱ्या पूल्सच्या कंपन्या, सारे काही डावाला लागलेले. जूनमधल्या नकाराने क्लबाचा पगार वाचत होता; जानेवारीतल्या नकाराने गल्ला बुडणार होता. साठ वर्षे एकेकट्याने उन्हाळ्यात दिलेली लढाई सर्वांनी मिळून हिवाळ्यात द्यायची ठरवली, आणि तीन दिवस आधी, १८ जानेवारीला, लीगने हात टेकले. कमाल पगाराची अट रद्द झाली. काही महिन्यांतच फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला शंभर पौंड घेऊ लागला.

१५/
पण ही यादी? तिच्यात बदल करण्याचे जानेवारीत मान्य झाले होते. क्लबांनी नंतर मागे पाऊल घेतले. पैसा देऊ, माणूस सोडणार नाही, असा त्याचा अर्थ.

इथे ईस्टहॅमचे वागणे मला महत्त्वाचे वाटते. त्याला हवे ते मिळाले होते. आर्सेनलची जर्सी होती, पगाराचा दरवाजा उघडला होता. दावा मागे घेतला असता तर कोणी नावे ठेवली नसती. उलट, बदली आधीच होऊन गेल्यावर आता कसला खटला, असे प्रतिपक्ष म्हणू शकत होता. तरी युनियनने त्याला लढत राहण्यास सांगितले आणि तो राहिला. जून १९६३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाच्या चॅन्सरी विभागात सुनावणी झाली. प्रतिवादी : न्यूकॅसल, तिचे संचालक आणि मॅनेजर, फुटबॉल लीग आणि एफए.

या वेळी प्रश्न बरोबर विचारला गेला. क्लबाने आकस धरला का, असे नव्हे. हा नियमच व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन घालतो का?

१६/
न्यायमूर्ती होते रिचर्ड विल्बरफोर्स. आडनाव ओळखीचे वाटले असेल. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश संसदेत आयुष्य वेचणारे विल्यम विल्बरफोर्स यांचे ते खापरपणतू. आणि त्यांचा जन्म १९०७ साली आपल्याकडे, पंजाबातील जालंधरला झाला होता. वडील इंग्रजी अमदानीत इथेच न्यायखात्यात होते. खेळाडू या कराराला 'गुलामीचा करार' म्हणत, आणि न्याय करायला बसला तो विल्बरफोर्सचा वंशज! कादंबरीकाराने असे लिहिले असते तर संपादकाने खोडले असते.

१७/
निकाल ४ जुलै १९६३ रोजी आला. विल्बरफोर्स यांनी भावनेच्या भरात काहीही लिहिले नाही. क्लबांचा प्रत्येक युक्तिवाद त्यांनी हाती घेऊन तपासला. लहान क्लबांचे काय? संघात स्थैर्य कसे राहील? शिकवण्यावर केलेला खर्च कोण भरून देणार? हस्तांतर शुल्कात काही तथ्य आहे, गरीब क्लबाला त्यातून आधार मिळतो, हे त्यांनी मान्य केले. पण स्थैर्य हवे असेल तर अधिक मुदतीचे करार करता येतात. एक वर्षाचा करार करून माणसाला जन्मभर बांधण्याची गरज काय?

निर्णायक मुद्दा साधा होता. ३० जूननंतर तो खेळाडू क्लबाचा नोकर नसतो. मग नोकरी संपल्यावरही चालू राहणारे हे बंधन कशाच्या जोरावर? विक्री आणि 'रिटेन' या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्यांचे जे रूप होते, ते अवाजवी आणि म्हणून बेकायदा, असे त्यांनी ठरवले. ही मालकांनी उभारलेली पद्धत आहे आणि जगभर सारे मालक एकजुटीने तिच्यामागे उभे आहेत, म्हणून ती योग्य ठरत नाही, हेही त्यांनी नोंदवले. आणि एका ठिकाणी लिहिले, की या प्रथेची सवय न झालेल्या कोणालाही माणसांची अशी खरेदी-विक्री अमानुष वाटेल.

ईस्टहॅमला बुडालेल्या पगाराची भरपाई मिळाली नाही. तो दावा फेटाळला गेला. त्याच्या हाती आली ती केवळ घोषणा, की नियम बेकायदा होता.

१८/
जाता जाता एक टीप, कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी. ज्या तत्त्वावर हा निकाल उभा आहे ते आपल्या कायद्यात १८७२ पासून लिहिलेले आहे. भारतीय करार कायद्याचे कलम २७ म्हणते की कायदेशीर व्यवसाय करण्यापासून एखाद्याला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. इंग्लंडमध्ये बंधन वाजवी की अवाजवी याची चिकित्सा होते; आपले कलम त्याहून कडक आहे.

१९/
निकालानंतर नियम बदलले. खेळाडूला ठेवायचे असेल तर आधीच्यापेक्षा कमी नसलेल्या अटी देणे भाग पडले. वाद झाल्यास त्रयस्थ लवादाची सोय झाली. करार लांब मुदतीचे होऊ लागले. पण करार संपलेल्या माणसाचे शुल्क मागण्याचा हक्क क्लबांकडे राहिला. १९७८ साली करार संपल्यावर क्लब बदलण्याचा हक्क खेळाडूला मिळाला. शुल्कावर क्लबांचे एकमत न झाल्यास लवादाने आकडा ठरवायचा.

त्या शुल्काचा शेवट इंग्लंडमध्ये नव्हे, बेल्जियममध्ये सुरू झाला, आणि पुन्हा एका जून महिन्यात. १९९० साली आरएफसी लीएज क्लबाने जाँ-मार्क बोस्मान या साधारण दर्जाच्या खेळाडूपुढे नवा करार ठेवला : महिना १ लाख २० हजार बेल्जियन फ्रँकांवरून थेट ३० हजार. त्याने नकार दिला. क्लबाने त्याची किंमत लावली १ कोटी १७ लाख ४३ हजार फ्रँक. पगार चौथाईवर, किंमत गगनाला. आल्फ कॉमनच्या काळापासून चालत आलेले गणित. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की युरोपीय संघाच्या नागरिकाचा करार संपल्यावर तो संघातील दुसऱ्या देशातील क्लबाकडे जात असेल, तर शुल्क मागता येणार नाही. उन्हाळ्यात 'फ्री ट्रान्सफर'च्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्या तिथून येतात.

२०/
ईस्टहॅमचे पुढे काय झाले? आर्सेनलकडून तो १९६६ पर्यंत खेळला. त्या वर्षी विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या चमूत तो होता, पण एकाही सामन्यात मैदानावर उतरला नाही. मग स्टोक सिटी. १९७२ च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात, वेम्बलीवर, चेल्सीविरुद्ध विजयी गोल त्याने केला, वय ३५. स्टोकचा तो पहिला मोठा चषक.

१९७७ साली तो स्टोकचा मॅनेजर झाला. वर्षभरापूर्वी वादळाने मैदानाच्या एका स्टँडचे छप्पर उडाले होते, क्लबाची तिजोरी खंगली होती, आणि त्या वसंतात संघ पहिल्या विभागातून खाली आला. उन्हाळ्यात कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, याची यादी घेऊन बसण्याची पाळी आता जॉर्ज ईस्टहॅमची होती, जशी एके काळी मिटनची होती. सप्टेंबरमध्ये स्टोकने आपला गोलरक्षक नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकला. रक्कम अडीच लाख पौंडांच्या आसपास. गोलरक्षकाचे नाव पीटर शिल्टन. फॉरेस्टने त्याच मोसमात लीग जिंकली. ईस्टहॅमने मात्र जानेवारी १९७८ मध्येच स्टोक सोडले, आणि काही काळाने तो दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाला.